उचल आणि माफी

उमापुरात ‘कर्जमाफी’ या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं हे गाव. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते, पण नदी उशाला असली म्हणून रान भिजतंच असं नाही. एखाद्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो, एखाद्या वर्षी कापूस बोंडात आलेला असताना नको तेवढा कोसळतो. मग थकबाकी, पुनर्गठन, सातबारा कोरा, यादीत नाव, अंगठा जुळणं हे शब्द चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात सारखे कानावर पडतात. शाळकरी पोरांनाही ते पाठ होऊन जातात.

या मुलखात तितकाच ओळखीचा दुसरा शब्द म्हणजे उचल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्याआधी, पावसाळ्यातच, मुकादम त्यांच्या हातावर रक्कम ठेवतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि कोयत्यामागे ठरलेली उचल. हंगाम संपला की तोडलेल्या उसाच्या टनांवरून हिशेब होतो. उचल फिटली तर हात मोकळे. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. अजून न केलेल्या कष्टांवर आधीच घेतलेले पैसे, असा उचलीचा सरळ अर्थ.

शैक्षणिक कर्ज हीसुद्धा उचलच. पण ऊसतोडीचा दर टनाला ठरलेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढून ३६६ रुपये झाला, तेव्हा फडावरच्या प्रत्येकाला आपला हिशेब बोटांवर मांडता आला. चित्राला असा दर नाही. चार वर्षं चित्रकला शिकून बाहेर पडलेल्या मुलीला पहिल्या वर्षी काय मिळेल, हे तिला सांगता येत नाही, तिच्या सरांना येत नाही आणि बँकेच्या मॅनेजरलाही येत नाही. कला शिकण्यासाठी घेतलेली उचल फिटली नाही तर ती सगळ्यांनी मिळून, म्हणजे करदात्यांनी, फेडावी का, हा प्रश्न इथूनच उभा राहतो.

अमेरिकेत हा प्रश्न अलीकडेच प्रत्यक्षात समोर आला. तिथे ‘द आर्ट इन्स्टिट्यूट्स’ या नावाची, नफ्यासाठी चालवलेली कलाशाळांची मोठी साखळी होती. पिट्सबर्गची एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी तिची मालक. १ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जाहीर केलं, की १ जानेवारी २००४ ते १६ ऑक्टोबर २०१७ या काळात या शाळांत शिकलेल्या ३ लाख १७ हजार जणांचं मिळून ६१० कोटी डॉलरचं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होईल.

माफीचं कारण महत्त्वाचं आहे. मुलं शिकली, पण त्यांना काम मिळालं नाही, एवढ्यावर ही माफी दिलेली नव्हती. प्रवेश घेताना त्यांची फसवणूक झाली, असं खात्याच्या तपासात दिसलं. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना सहा महिन्यांत आपल्या क्षेत्रात नोकरी लागते, अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात ते प्रमाण ५७ टक्क्यांच्या वर गेलेलं नव्हतं. एका शाखेने तर माजी विद्यार्थ्यांच्या पगाराची सरासरी फुगवायला सेरेना विल्यम्सची वर्षाची कमाई त्यात धरली. सेरेना तिथे फॅशन डिझाइन शिकली होती हे खरं, पण तिने पैसा मिळवला तो टेनिसच्या मैदानावर. ती सरासरी बघून कुणा दुकानातल्या हिशेबनिसाच्या मुलीने कर्जाच्या कागदावर सही केली असेल, तर ती चुकली असं कसं म्हणायचं?

साखळीच्या उरलेल्या आठ शाखा ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाल्या. मालक कंपनीने २०१५ मध्ये एका वेगळ्या खटल्यात सरकारशी तडजोड केली होती, ती ९ कोटी ५५ लाख डॉलरची. म्हणजे कंपनीकडून आले दहा कोटींच्या आत, आणि करदात्यांच्या माथी बसले सहाशे कोटींच्या वर. फसवलेल्यांच्या या माफीआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारने सरसकट माफीही जाहीर केली होती. ठरावीक उत्पन्नाखालच्या प्रत्येक कर्जदाराला १० ते २० हजार डॉलर. ती ३० जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी रद्द केली. फसवलेल्यांना दिलेली माफी वेगळ्या कायद्याच्या आधारावर उभी होती. सरसकट माफी आणि फसवणुकीची भरपाई या दोन गोष्टींना एकच नाव असलं, तरी दोन्ही निराळ्या आहेत.

आता उमापूरकडे यावं. एक घर डोळ्यांसमोर आणावं. घर काल्पनिक आहे, त्यातला हिशेब मात्र खरा. दोन एकर कोरडवाहू रान, आईवडील हंगामाला कोयत्यावर, मुलगी आजीजवळ राहून शिकलेली. तिचा हात चांगला आहे. शाळेतून एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. दोन दिवसांची ही परीक्षा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतल्या मुलांसाठी कलेची पहिली आणि बहुतेकदा शेवटची पायरी असते. १९६५ साली स्थापन झालेलं राज्याचं कला संचालनालय ती घेतं. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७ वाढीव गुण मिळतात, म्हणून पुष्कळ मुलं परीक्षेला बसतात. या मुलीला मात्र ते सात गुण नकोत, चित्र हवं आहे.

बारावीनंतर ती सीईटी देते. छत्रपती संभाजीनगरला १९७१ पासून शासकीय कला महाविद्यालय आहे. उमापुरातून गेवराईला यायचं आणि शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडायची, एवढं ते जवळ. तिथे जागा मिळाली तर फीचा बोजा हलका असतो. नाही मिळाली तर खासगी कॉलेज, आणि खासगी डिझाइन संस्था असेल तर वर्षाची फी लाखांत जाते. फीखेरीज खोलीचं भाडं, खाणावळ, कॅनव्हास, रंग, कागद, ब्रश आहेतच. इतर शाखेतला मुलगा एक पुस्तक चौघांत वापरू शकतो. रंगाची ट्यूब चौघांत वापरता येत नाही.

समजा, चार वर्षांसाठी तिने वर्षाला एक लाख असं चार लाखांचं कर्ज काढलं. व्याज दहा टक्के धरलं, शिक्षण संपून वरचं एक वर्ष सवलतीचं धरलं, तर साध्या व्याजानेच १ लाख ४० हजार चढतात आणि रक्कम होते ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायची म्हटली तर महिन्याला ७ हजार १०० रुपयांच्या वर हप्ता, पंधरा वर्षांत म्हटली तर ५ हजार ८०० च्या आसपास. शाळेत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, सुट्टीत भिंती रंगवणाऱ्या, गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तींचे डोळे आखणाऱ्या कलाकाराच्या महिन्याच्या मिळकतीतून हा हप्ता काढायचा असतो, आणि त्यातले कितीतरी महिने कोरडे जातात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतात शैक्षणिक कर्जामागे करदाता आधीपासूनच उभा आहे. २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे: घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या आणि त्यापुढच्या एका वर्षाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी निधी आहे. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेचा ७५ टक्के भाग तो बँकेला भरून देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. आयकराच्या जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षं उत्पन्नातून वजा करता येतं. ही वजावटसुद्धा सरकारी तिजोरीतूनच जाते, आणि ज्याला आयकर भरावा लागतो त्याच्याच घरी पोहोचते.

म्हणजे करदात्याने भार उचलावा का, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. तो उचलतोच आहे. प्रश्न आहे तो कुणासाठी.

त्याचं उत्तर योजनांच्या अटींत दडलेलं आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, आणि २०१८ पासून नॅक किंवा एनबीएचं मानांकन असलेल्या ठिकाणांसाठी. पीएम-विद्यालक्ष्मीची यादी मुख्यतः एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीवर बेतलेली. या क्रमवारीत अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, कायदा, वास्तुकला, शेती यांना आपापला वर्ग आहे; ललित कलांना नाही. एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठाचा चित्रकला विभाग विद्यापीठाच्या नावाने यादीत येऊ शकतो, पण कलाशाळेला कलाशाळा म्हणून आत यायला दार ठेवलेलं नाही. ज्या शिक्षणातली मिळकत सगळ्यांत बेभरवशाची, त्यालाच आधाराचा हात सगळ्यांत दूर.

आणि तरीही, उमापुरातल्या त्या घराकडून पाहिलं तर, माफी हा पहिला प्रश्न नाही. कर्ज माफ व्हायला आधी कर्ज मिळालेलं असावं लागतं.

हे या गावाला शेतीच्या कर्जमाफीने शिकवलं आहे. २००८ च्या केंद्रीय माफीत पूर्ण सूट होती ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. कोरडवाहू मुलखात रान जास्त आणि पीक थोडं, त्यामुळे अडीच-तीन हेक्टरवाला गरीबच असला तरी पूर्ण सुटीबाहेर राहिला. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी आली, तेव्हा नवरा-बायको अर्ज भरायला सेवा केंद्रांसमोर रांगा लावून उभे राहिले. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मर्यादा दोन लाख झाली. तिन्ही वेळा माफी मिळाली ती बँकेच्या वहीत नाव असलेल्याला. ज्याने मुलीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले, पेरणीला दागिना गहाण टाकला, दुसऱ्याचं रान बटईने केलं, त्याचं नाव यादीत येण्याचा संबंधच नव्हता. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्जही माफ करायला घेतलं, पण परवानाधारक सावकाराचंच. बिनपरवान्याचा सावकार आणि मुकादमाची वही त्याच्या पलीकडेच राहिली.

शिक्षणात याहून वेगळं काही घडत नाही. त्या ऊसतोड घरातल्या मुलीच्या बापाला बँकेत विचारतात, उत्पन्नाचा दाखला कुठे आहे, पॅन आहे का, खात्यात व्यवहार का दिसत नाहीत. वर्षातले सहा महिने तो गावात नसतो. ‘चित्रकला शिकून करणार काय?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसतं. उत्तर नसलेला माणूस काउंटरवरून मुकाट मागे फिरतो. मग मुलीची फी उचलीतून जाते, किंवा ती जातच नाही. उद्या देशभर कलाविद्यार्थ्यांना कर्जमाफी जाहीर झाली, तर हे घर त्या यादीत नसेल. यादीत असतील ती घरं, ज्यांना शहरातल्या महागड्या संस्थेसाठी कर्ज मिळालं, कारण तारणाला फ्लॅट होता. सरसकट माफीवरचा सगळ्यांत मोठा आक्षेप या जागेवरून घ्यायला हवा. करदात्याचे पैसे जातील यात दुःख नाही. ते ज्याच्यासाठी निघाले त्याच्या घराला वळसा घालून जातील, याचं आहे.

‘ज्यांनी पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलं त्यांचं काय?’ हा दुसरा आक्षेप. तोही महाराष्ट्राला नवा नाही. २०१७ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना २५ हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम होती, २०१९ च्या योजनेत ती ५० हजारांपर्यंत गेली. ही रक्कम हाती यायला लोकांना २०२२ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली, पण प्रामाणिकपणे फेडणाऱ्याला विसरू नये हे तत्त्व तरी मान्य झालं. कलाविद्यार्थ्यांचा विचार करतानाही ते डावलून चालणार नाही.

तिसरा आक्षेप जास्त खोल जातो. कापूस वेचणाऱ्या बाईने साबण घेतला, काडेपेटी घेतली, मोबाइलचं रिचार्ज केलं, की तिच्या पैशातून जीएसटी जातो. करदाता म्हणजे फक्त आयकर भरणारा नव्हे, तीही करदाती. तिच्या पैशातून कुणाच्या चित्रकलेची फी भरावी का?

याचं उत्तर शोधताना १९७२ च्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. त्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडत होता. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात मोठी झाली, आणि तिला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला. राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा तो कर रोजगार हमीसाठी होता. आजही तो वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये आहे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गिरगावातल्या कारकुनाने बीडच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईसाठी पैसे दिले. ती बाई त्याच्या नात्याची नव्हती, गोताची नव्हती. राज्य एक आहे म्हणून दिले. त्या बाईच्या नातीच्या हाती आता पाटीऐवजी ब्रश असेल, तर तेवढ्यावरून हे राज्याचं नातं तुटत नाही.

पण कला म्हणजे भाकरी नव्हे, असं कुणी म्हणेल. तर महाराष्ट्रातली कलाशाळा मुळात कुणाच्या पैशावर उभी राहिली ते पाहावं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, १८५७ मध्ये त्यांच्या नावाची ‘जे. जे.’ शाळा सुरू झाली, आणि पुढच्या दशकात सरकारने ती आपल्या हाती घेतली. तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून जवळजवळ तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांच्या अंधारात बसून त्या तरुण मुलांनी भिंतीवरची चित्रं हुबेहूब उतरवली. खर्च सरकारी होता. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. तरी वाचलेल्या प्रती आणि ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ यांतूनच जगाला अजिंठा पहिल्यांदा नीट दिसला. मूळ भिंतींवरचा रंग तेव्हापासून कितीतरी झडला आहे. कुठल्या आकृतीच्या हातात काय होतं, हे सांगायला काही ठिकाणी त्या विद्यार्थ्यांच्या प्रतीच उरल्या आहेत. ते शिक्षण वाया गेलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

चित्राची किंमत मात्र चित्रकाराच्या आयुष्यातल्या हप्त्यांच्या तारखा पाळत नाही. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले, आणि उत्तरायुष्य दिल्लीत निजामुद्दीनच्या एका लहानशा जागेत त्यांनी काढलं. २००१ मध्ये ते गेले. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटी रुपयांच्या वर गेलं. पुढच्या वर्षांत त्यांच्या चित्रांनी तो आकडाही मागे टाकला. त्या कोट्यवधींमधला एक रुपयाही गायतोंड्यांच्या हातात पडला नाही. आणि गायतोंडे हे लाखांत एक. त्यांची किंमत मोजून बाकीच्यांची सरासरी काढली, तर सेरेनाची कमाई वर्गाच्या नावावर लिहिण्यासारखंच होईल.

कायद्यात यावर एक तरतूद आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे, मूळ चित्र किंवा शिल्प दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीतला वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के, मूळ कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळू शकतो. हे कलम लिलावाच्या दालनात जागं झालं, त्यातला काही भाग कलाविद्यार्थ्यांच्या निधीत वळवायची सोय झाली, तर कापूस वेचणाऱ्या बाईच्या जीएसटीवरचा भार तेवढा हलका होईल. ज्यांना चित्रातून कोटी मिळतात, त्यांनी पुढचे चित्रकार घडवायला हातभार लावणं हा रास्त व्यवहार आहे.

पण गावात राहणाऱ्या बहुतेक कलावंतांची नावं लिलावापर्यंत जात नाहीत. त्यांचं जग वेगळं. पूर्वी प्रत्येक मोठ्या गावात एक ‘पेंटर’ असायचा. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं नाव, निवडणुकीच्या भिंती, देवळातलं गरुड-हनुमानाचं चित्र, सगळं त्याच्याकडे. फ्लेक्स आला आणि चार तासांत छापून मिळणाऱ्या फलकाने त्याचा ब्रश सुकवला. उरल्या शाळेच्या ‘बोलक्या भिंती’: पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, ऋतुचक्र, फळं-फुलं. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या या भिंती चौरस फुटांवर दर ठरवून रंगवून घेतात, आणि त्या रंगवणाऱ्यांत ए.टी.डी. झालेले, म्हणजे शाळेत चित्रकला शिकवण्याची पदविका घेतलेले कितीतरी तरुण असतात. ज्याने वर्गात उभं राहून शिकवायचं, तो वर्गाच्या बाहेरची भिंत रंगवून निघून जातो.

इथे सरकारची जबाबदारी सरळ सरळ येते. ए.टी.डी. हा अभ्यासक्रम राज्यानेच आखलेला, परीक्षा राज्याचीच, आणि ज्या नोकरीसाठी तो आहे तिचा मुख्य मालकही राज्यच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलाशिक्षणासाठी निदेशक हवा असं लिहिलं आहे, पण तो अर्धवेळ. राज्यात २०१५ मध्ये कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अतिथी निदेशकांचा निर्णय निघाला, तेव्हा कलाशिक्षकांना कायमच्या जागांची काळजी लागली. ज्या नोकरीच्या आशेने पोराने पदविका घेतली ती नोकरीच अर्धी झाली, तर त्याचं थकलेलं कर्ज हा त्याचा एकट्याचा दोष कसा? अमेरिकेत फसवणूक कंपनीने केली होती. इथे कुणी खोटं बोललेलं नाही. पण आशा दाखवणाऱ्याने तिच्यातला आपला वाटा उचलायला हवा. अशा विद्यार्थ्याचं कर्ज करदात्याने माफ करावं, याला न्यायाचा आधार आहे.

राज्य कलाकाराला पैसे देत नाही असंही नाही. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधनाची योजना आहे. २०२४ पासून ते महिना ५ हजार रुपये झालं. वयाची अट पन्नास वर्षं. हे मानधन रास्त आहे, कमीही आहे. पण त्याच्याकडे पाहताना एक विचार मन सोडत नाही. तेच पाच हजार पन्नाशीऐवजी विसाव्या वर्षी, शिकत असताना मिळाले असते, तर कर्जच काढावं लागलं नसतं, आणि पन्नाशीत मानधनासाठी अर्ज करायची वेळही कदाचित आली नसती.

म्हणून माफीपेक्षा आधी देण्यावर जोर हवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि नोंदणीकृत मजुरांच्या, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांनाही मिळतो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आहे, आणि ऊसतोड महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे अशी सोय आहे. तोडलेल्या प्रत्येक टनातून आलेल्या या पैशात रंग-कॅनव्हासचा खर्च बसवता येणार नाही का? वैद्यकीयला गेलेल्या मुलीला वसतिगृह आणि चित्रकलेला गेलेल्या मुलीला उचल, असा भेद का राहावा?

ज्यांना कर्ज घ्यावंच लागेल, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उच्च शिक्षणाच्या खर्चासाठी अशी पद्धत सुरू केली, की हप्ता दर महिन्याला ठरावीक नसतो. वर्षाचं उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेलं तरच फेड, आणि तीही करासोबत. २०२५ मध्ये तिथे ही मर्यादा ६७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत वाढवली, आणि शिल्लक कर्जात २० टक्के कपातही केली. चित्रकाराच्या मिळकतीला हे माप बरोबर बसतं. चित्र विकलं गेलं त्या वर्षी फेडावं, नाही विकलं त्या वर्षी बँकेची नोटीस आईच्या हातात पडू नये. शिवाय शाळेत पाच-सात वर्षं चित्रकला शिकवणाऱ्याचं कर्ज दरवर्षी थोडं थोडं उतरवलं, तर करदात्याच्या पैशाच्या बदल्यात उमापूरसारख्या गावांतल्या वर्गांत एक शिक्षक उभा राहील. पाढ्यांनी रंगलेल्या भिंतीच्या आतल्या बाजूला.

यातलं काही होईपर्यंत त्या घराचं वेळापत्रक आहे तसंच राहतं. एप्रिल-मे मध्ये बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावाकडे परततात, मुकादमाच्या वहीत हिशेब होतो. जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या याद्या लागतात, आणि जागा टिकवायला ठरावीक दिवसांत फी भरावी लागते. कापूस अजून गुडघाभर असतो. शिष्यवृत्तीचा हप्ता यायला अवकाश असतो. बँकेच्या फाइलला एक कागद कमी पडलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत येणाऱ्या हंगामाची उचल वाटायला मुकादम गावात फिरत असतो. त्याच्या पिशवीत रोख पैसे असतात, आणि तो दाखला मागत नाही. यादीत आपलं नाव आलेलं मुलगी मोबाइलवर बापाला दाखवते. बाप पडदा डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचतो, टोपी उचलतो आणि मुकादम कुणाच्या ओट्यावर बसलाय ते विचारत बाहेर पडतो.